त्यांना ट्रॉफी वाटू नका, टीममध्ये घ्या

रमजानमध्ये तरावीह संपली की आपल्या पोरांची पावले कुठे वळतात, हे सांगायला नको. कासारवाडीपासून मोशीपर्यंत आणि चिखलीपासून चाकणपर्यंत जागोजागी टर्फ झाले आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावे पडतात, वर्गणी निघते, जर्सी छापून येते आणि सेहरीपर्यंत बॉक्स क्रिकेट रंगते. मला हे मनापासून आवडते. मी चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. आठवडाभर मशीनपुढे उभे राहिल्यावर हे दोन तास नसते तर माणूस म्हणून आपले काय झाले असते, असे कधीकधी वाटते.

पण या गर्दीत एक मुलगा कधीच नसतो. तो आपल्याच मोहल्ल्यातला असतो. त्याचे घर सगळ्यांना माहीत असते. त्याचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, कारण गल्लीत त्याची ओळख ‘अमक्याचा येडा’ एवढीच असते. वय वीस-पंचवीस, बोलणे थोडे अडखळते, हिशेब जमत नाही, रस्ता एकट्याने ओलांडायला भीती वाटते. आपण टर्फवर जाताना तो गॅलरीत उभा असतो, परत येतो तेव्हाही तिथेच असतो.

माझे म्हणणे सरळ आहे. बौद्धिक दिव्यांग मुलामुलींना वर्षातून एकदा पदक, फुगा आणि मिठाईचा बॉक्स देऊन आपले कर्तव्य संपत नाही. त्यांना दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, आपल्याच मोहल्ल्याजवळच्या मैदानावर खेळायला मिळाले पाहिजे, आणि त्यांच्याबरोबर खेळायला आपण असलो पाहिजे. प्रेक्षक म्हणून नाही, टीममधले म्हणून.

आधी नीट ओळख करून घेऊ

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे वेड नव्हे. मानसिक आजार कुणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर औषधोपचार असतात. बौद्धिक दिव्यांगत्व जन्मापासून किंवा लहानपणापासून असते. शिकणे, विचार करणे, अडचणीतून वाट काढणे आणि रोजच्या व्यवहारातली कौशल्ये या सगळ्यांना मर्यादा पडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले, त्यात या दोन्हींची व्याख्या वेगवेगळी केली आहे. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा आणखी निराळा प्रकार. काही मुलांमध्ये दोन्ही असतात, काहींमध्ये नसतात.

ही गल्लत महागात पडते. ज्या मुलाला शिकवणाऱ्याची गरज असते त्याला घेऊन आईबाप या बाबाकडून त्या बाबाकडे, या दर्ग्यातून त्या दर्ग्यात फिरत राहतात. कुणी म्हणते सावली पडली, कुणी म्हणते जिन्नाची बाधा. मुलाची शिकण्याची पहिली सहा-सात वर्षे, जी सर्वांत मोलाची, ती ताविजांत जातात. श्रद्धेला मी नावे ठेवत नाही. दर्ग्यात जाऊन मनाला शांती मिळत असेल तर जरूर जावे. पण तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या माणसांना पळताही आले नाही आणि २८ जण गेले. ते मनोरुग्ण होते. साखळी बांधताना मात्र कोण मनोरुग्ण आणि कोण बौद्धिक दिव्यांग, हे कुणी विचारत बसत नाही.

२०११ च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांगांची संख्या देशभरात सुमारे १५ लाख नोंदली गेली. नोंद म्हणजे घरच्यांनी दारात आलेल्या माणसाला सांगितले तेवढेच. ज्या घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतात, त्या घरात हा भाऊ पाहुण्यांसमोर येत नाही. मग गणना करणाऱ्यासमोर तरी तो येत असेल का?

अठरा वर्षांनंतर काय?

लहानपणी थोडी तरी सोय असते. विशेष शाळा आहेत, त्यांच्या गाड्या आहेत, जीव ओतून शिकवणाऱ्या बाई आहेत. या कामाची आपल्या राज्यातली परंपरा जुनी आहे. मुंबईच्या जय वकील शाळेची सुरुवात १९४४ साली एका जोडप्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीसाठी घरातच केली. पुण्यात १९६४ पासून कामायनी ही संस्था काम करते आहे. गणेशखिंडीतल्या बाल कल्याण संस्थेने तर दिव्यांग मुलांसाठी खेळ आणि पोहणे हेच मुख्य काम मानले.

पण विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. पुढे काही ठिकाणी कार्यशाळा असतात, मेणबत्त्या, पाकिटे, पणत्या बनवायला शिकवतात. त्यांत जागा थोड्या, आणि त्या आपल्या वस्तीपासून लांब.

माझ्या खालाचा मुलगा आता २४ वर्षांचा आहे. अठराव्या वर्षी त्याची शाळेची गाडी यायची बंद झाली. खालू कंत्राटी कामगार, बारा तासांची ड्यूटी. खाला घरी शिलाईकाम करते. दहा बाय बाराच्या खोलीत तो, टीव्ही आणि शिलाई मशीन. तीन वर्षांत त्याचे वजन बेसुमार वाढले. बोलणे आधीच थोडे, तेही कमी झाले. शाळेत शिकलेली बटणे लावणे, ताट उचलून ठेवणे ही कामे तो विसरू लागला. शिकलेले वापरले नाही तर विसरते, हे आपल्यालाही लागू आहे. आपल्याला वापरायची संधी रोज मिळते, त्याला मिळत नव्हती, एवढाच फरक.

हा आपल्या औद्योगिक पट्ट्याचा खास प्रश्न आहे. गावाकडे निदान अंगण असते, चावडी असते, शेरडांमागे फिरणे असते. लातूर, बीड, नांदेड, सोलापूर आणि त्याहून लांबून पोटासाठी इथे आलेल्या माणसांच्या वाट्याला भाड्याची खोली, जिना आणि अनोळखी शेजार येतो. आईबाप दोघेही कामाला जात असतील तर मुलाला आत ठेवून बाहेरून कडी लावावी लागते. त्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवला कुणी?

‘मासूम आहे’ म्हणून विषय संपत नाही

आपल्या घरांत अशा मुलांबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हे तर अल्लाहचे मासूम बंदे, सरळ जन्नतमध्ये जाणार.’ या वाक्यात माया आहे हे मला कळते. आईला त्याचा आधार असतो, तो काढून घ्यायचा नाही. पण बाकीचे लोक तेच वाक्य सोयीने वापरतात. मुलाची जन्नत पक्की केली की दुनियेतली त्याची जागा द्यायची जबाबदारी संपते.

शरियतने अशा व्यक्तीवर फर्जांचे ओझे टाकलेले नाही. ज्याला समज नाही त्याच्या नावावर गुन्हा लिहिला जात नाही, हे मदरशातला लहान मुलगाही सांगेल. ही सवलत त्याच्यासाठी आहे. आपल्यासाठी नाही. त्याच्यावरचे कर्तव्य माफ झाले म्हणजे त्याचा हक्कही माफ झाला, असे कुठे आहे? नमाज माफ असलेल्या मुलाला हवा, ऊन, दोस्त आणि धावणे यांचीही माफी मिळाली, असा अर्थ आपणच काढला.

कुराणातल्या ‘अबस’ या सूरहची हकिकत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मक्केच्या बड्या सरदारांशी बोलणे चालू असताना अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम हे अंध सहाबी काही विचारायला आले, त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, आणि त्यावर थेट अल्लाहकडून समज आली. तेच इब्न उम्मे मकतूम पुढे मदिनेत अजान देत होते, आणि पैगंबर बाहेरगावी असताना त्यांच्याकडे मदिनेत नमाज पढवण्याची जबाबदारी दिली जात होती. त्यांना दया मिळाली नाही, काम मिळाले. मला या हकिकतीत हाच भाग महत्त्वाचा वाटतो. खेळाबद्दलही तसेच. पैगंबरांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस आपण कौतुकाने सांगतो. मग आपल्या घरातल्या या मुलाबरोबर शर्यत लावायला आपल्याला लाज का वाटावी?

बड्या घरातली लपवलेली मुलगी

आपणच लपवतो असे नाही. अमेरिकेच्या केनेडी घराण्यात रोझमेरी नावाची मुलगी बौद्धिक दिव्यांग होती. १९४१ साली तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, ती फसली आणि पुढची अनेक वर्षे ती जगाच्या नजरेआड एका संस्थेत राहिली. तिचा भाऊ पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे पैसा, शिक्षण, सत्ता सगळे असूनही लाज सुटली नव्हती.

ती सोडवायला तिची बहीण युनिस केनेडी श्रायव्हर पुढे आली. १९६२ मध्ये तिने आपल्या बहिणीबद्दल जाहीरपणे लेख लिहिला आणि त्याच वर्षी स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी खेळांचे शिबिर भरवले. सहा वर्षांनी, जुलै १९६८ मध्ये, शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले स्पेशल ऑलिम्पिक झाले. साधारण एक हजार खेळाडू आले होते. आज ही चळवळ जगभर पसरली आहे. भारतात स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था २००१ पासून आहे. २०१९ ची जागतिक स्पर्धा अबुधाबीत झाली, सात हजारांहून जास्त खेळाडू तिथे खेळले आणि मध्यपूर्वेत ती पहिल्यांदाच भरली. २०२३ मध्ये बर्लिनमध्ये भारताच्या खेळाडूंनी २०२ पदके जिंकली. त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील?

पदकांपेक्षा मला या खेळांची पद्धत महत्त्वाची वाटते. तिथे आधी प्रत्येकाची चाचणी होते आणि जवळपास सारख्या क्षमतेच्या खेळाडूंचे गट पाडले जातात. शंभर मीटर वीस सेकंदांत धावणारा वेगळ्या गटात आणि चाळीस सेकंदांत धावणारा वेगळ्या गटात. त्यामुळे प्रत्येकाची लढत खरी असते. कुणी मुद्दाम हरत नाही आणि टाळ्या उसन्या नसतात.

दुसरी पद्धत आहे युनिफाइड स्पोर्ट्स. यात दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच टीममध्ये खेळतात. सात जणांच्या फुटबॉलमध्ये चार दिव्यांग खेळाडू आणि तीन जोडीदार असतात. जोडीदाराने चेंडू घेऊन एकट्याने गोल मारत सुटायचे नाही आणि मागे उभे राहून कौतुकही करायचे नाही. आपली ताकद टीमच्या उपयोगी पडेल असे खेळायचे. आपल्या टर्फला ही पद्धत तंतोतंत लागू पडते. सरकारची वाट न बघता उद्यापासून सुरू करता येईल अशी ही गोष्ट आहे.

जिद्दीने वरच्या पातळीवर जाणारेही यांत आहेत. तेलंगणातल्या कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी बौद्धिक दिव्यांग आहे. आईबाप मजूर. गावातले लोक तिला चिडवायचे, हिला अनाथाश्रमात टाका म्हणून आईबापांना सांगायचे. मे २०२४ मध्ये जपानच्या कोबे शहरात तिने ४०० मीटर ५५.०७ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले.

तिच्या वाटेत आणखी एक जुनी अडचण होती. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनच्या बास्केटबॉल संघाने बौद्धिक दिव्यांग नसलेले खेळाडू उतरवून सुवर्ण घेतले. बारापैकी दहा जण खोटे निघाले. शिक्षा कुणाला झाली? जगभरच्या खऱ्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना. २०१२ च्या लंडन स्पर्धेपर्यंत त्यांना पॅरालिम्पिकचे दार बंद राहिले. गुन्हा काही जणांचा आणि किंमत सगळ्या समूहाला, हा हिशेब आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्या शहरात काय आहे

मुरलीकांत पेटकर हे नाव ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटामुळे आता घराघरांत पोहोचले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले, १९७२ मध्ये हायडलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले आणि टेल्कोत नोकरी केली. म्हणजे दिव्यांग खेळाडूला काम आणि मान देण्याची ओळख या कारखान्यांच्या गावाला नवी नाही.

महापालिकेकडेही बरेच काही आहे. मोरवाडीला दिव्यांग भवन उभे राहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये ‘पर्पल जल्लोष’ हा दिव्यांगांचा तीन दिवसांचा मोठा उत्सव झाला. मैदाने आहेत, इंद्रायणीनगरला धावण्याचा ट्रॅक आहे, नेहरूनगरला स्टेडियम आहे. हे सगळे चांगलेच आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे.

पण उत्सव तीन दिवसांचा असतो आणि वर्ष ३६५ दिवसांचे. रुपीनगर किंवा कुदळवाडीतल्या आईला मोरवाडीपर्यंत दोन बस बदलून मोठ्या मुलाला नेणे दर आठवड्याला परवडत नाही. आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला की महापालिकेची हद्दच संपते. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, मेदनकरवाडी इथे हजारो कामगार कुटुंबे राहतात. तिथे कंपन्यांच्या कुंपणाआड हिरवीगार लॉन आहेत. मुलांना मात्र गोडाउनमागचा रिकामा प्लॉट, तोही कधी कंटेनर उभा राहीपर्यंत.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम ३० सांगते की दिव्यांगांना खेळांत प्रत्यक्ष सहभागी होता यावे यासाठी सरकारने उपाय केले पाहिजेत आणि क्रीडा संस्थांनी त्यांचा हक्क मानून आपल्या योजनांत त्यांना सामावून घेतले पाहिजे. यात निधी देणे आणि सुविधांची रचना बदलणेही येते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत दिव्यांगांचे शिक्षण आहे, खेळांचे प्रशिक्षणही आहे. देशातल्या मोठ्या वाहन कंपन्या ज्या पट्ट्यात आहेत, तिथे एका मैदानाला आणि दोन प्रशिक्षकांना पैसे मिळत नाहीत असे होऊ नये. मागणारे कमी आहेत, हे खरे कारण आहे.

मुलींवर दोन कुलपे

मुलगा निदान गॅलरीत दिसतो. मुलगी तिथेही दिसत नाही. तिच्यावर एक कुलूप दिव्यांगत्वाचे आणि दुसरे मुलगी असण्याचे. आईबापांची भीती खोटी नाही. ज्या मुलीला काय घडते आहे ते सांगता येत नाही, तिच्या सुरक्षिततेची काळजी दुप्पट असायलाच हवी. पण त्यावर उपाय कोंडून ठेवणे हा नाही. महिला प्रशिक्षक, आई किंवा बहीण मैदानावर हजर, मुलींची वेगळी वेळ आणि एकटीला कुणाबरोबरही न पाठवण्याचा पक्का नियम, एवढे केले तर बऱ्याच घरांची ना होकारात बदलेल. हिजाब घालून खेळता येते का, हा प्रश्नही आता जुना झाला. फिफाने २०१४ मध्येच डोके झाकून खेळायला परवानगी दिली. आपल्या ज्या बहिणी बी.पी.एड., नर्सिंग, डी.एड. करत आहेत, त्यांच्याशिवाय हे काम होणार नाही.

‘आपल्यापुढे याहून मोठे प्रश्न आहेत’

हा आक्षेप मला मित्रांनीच घेतला आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत महापालिकेची कारवाई झाली, हजारो शेड आणि दुकाने पडली, कितीतरी कुटुंबांचे पोट एका आठवड्यात गेले. घर, नोकरी, शिक्षण, सुरक्षितता हे प्रश्न डोक्यावर असताना फुटबॉल कसला काढतोस, असे त्यांचे म्हणणे.

मी एवढेच म्हणतो. धंदा गेलेल्या त्या कुटुंबांतही अशी मुले आहेत. संकट येते तेव्हा सर्वांत आधी त्यांचे औषध बंद होते, त्यांची शाळा सुटते, त्यांचे बाहेर जाणे थांबते. मोठे प्रश्न सुटल्यावर यांच्याकडे बघू असे ठरवले तर त्यांची पाळी कधीच येणार नाही. आणि दुसरे असे : आपण या देशात बरोबरीची वागणूक मागतो. आम्हाला दया नको, हक्क हवा, असे सांगतो. जो समाज स्वतःसाठी हे मागतो, त्याने आपल्या घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला तेच द्यायला नको का? नाहीतर आपले म्हणणे फक्त आपल्या सोयीचे ठरते.

मग करायचे काय?

गेले वर्षभर आम्ही सहा-सात मित्र रविवारी सकाळी आठ मुलांबरोबर खेळतो. दोन मुले मराठा कुटुंबांतली आहेत, एक बिहारहून आलेल्या कामगाराचा मुलगा, बाकी आपली. सुरुवातीला एका टर्फच्या मॅनेजरने ‘बाकीच्या कस्टमरना बरे वाटणार नाही’ म्हणून सकाळची वेळ द्यायला नकार दिला. आता मैदानाच्या एका कोपऱ्यात खेळतो. त्या अनुभवातून आणि जाणकारांनी सांगितलेल्यातून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, दिवस आणि वेळ बदलू नका. या मुलांना ठरलेल्या गोष्टीचा आधार असतो. तुम्ही दोनदा न सांगता गैरहजर राहिलात तर विश्वास परत मिळवायला दोन महिने लागतात. महिन्यातून एक मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर रविवारी एक तास बरा.

दुसरी, आधी डॉक्टरांना विचारा. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, काहींच्या मानेचे मणके सैल असतात. कोलांटउडी किंवा डोक्याने चेंडू मारणे त्यांना धोक्याचे ठरू शकते. फिट येणाऱ्या मुलाची माहिती आणि औषध कुणाकडे आहे, हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत असावे.

तिसरी, एका वेळी एकच सूचना द्या आणि ती करून दाखवा. ‘धाव, पास दे आणि मागे ये’ यात तीन कामे झाली. काही मुलांना शिट्टीचा कर्कश आवाज सहन होत नाही, तिथे हात वर करा. सुरुवात मोठ्या हलक्या चेंडूने करा. बोची हा खेळ स्वस्त आणि सोपा आहे. छोट्या चेंडूच्या जवळात जवळ आपले चेंडू टाकायचे, बस.

चौथी, कागद तयार करा. अनेक घरांत यूडीआयडी कार्डच काढलेले नाही. त्याशिवाय सवलती मिळत नाहीत. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी आहे आणि अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून घेता येते. फॉर्म भरणे हे आपल्या शिकलेल्या पोरांचे काम. ते खेळाइतकेच गरजेचे आहे.

पाचवी, मशिदीचे आवार आणि मिंबर दोन्ही वापरा. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी एकदा या मुलांचा विषय काढला तर दहा घरांची दारे उघडतील. मैदानाच्या भाड्याला आणि बुटांना सदक्याचे पैसे मिळू शकतात. पण मुलांचे फोटो टाकून देणगी मागू नका. ती टीम आहे, जाहिरात नव्हे.

सहावी, मोठी मागणी सोडू नका. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एका मैदानावर आठवड्यातले दोन तास बौद्धिक दिव्यांगांसाठी राखीव असावेत आणि तिथे प्रशिक्षक असावा, असा अर्ज द्या. चाकणमध्ये नगरपरिषदेकडे आणि कंपन्यांकडे तीच मागणी करा. अर्जावर एकाच समाजाच्या सह्या नकोत. हा सगळ्या आयांचा अर्ज आहे.

आणि सर्वांत सोपी गोष्ट. येत्या रमजानच्या किंवा ईदच्या टूर्नामेंटमध्ये एक सामना युनिफाइड ठेवा. उद्घाटनाचा नाही, कौतुकाचा नाही, पॉइंट मिळणारा. प्रत्येक टीममध्ये किमान दोन बौद्धिक दिव्यांग खेळाडू असलेच पाहिजेत, असा नियम करा. मग बघा, ज्यांची नावे कुणाला माहीत नव्हती, त्यांना आपल्या टीममध्ये घ्यायला कॅप्टन लोक कसे घरी जाऊन मिनतवारी करतात.

मोठ्या बदलाचे आश्वासन मी देत नाही. खेळाने बौद्धिक दिव्यांगत्व बरे होत नाही. माझा खालेरा भाऊ आजही पन्नासची नोट आणि शंभरची नोट यांत गोंधळतो. पण शनिवारी रात्री तो आपले बूट दाराजवळ मांडून ठेवतो. आपली पाळी येईपर्यंत थांबायला तो शिकला आहे. गल्लीतली लहान पोरे आता त्याला नावाने हाक मारतात, कारण त्याने मारलेला गोल त्यांनी पाहिला आहे.

तुमच्या गल्लीतही एक असाच आहे. या आठवड्यात त्याच्या घरी जा, आधी त्याचे नाव विचारा आणि मग त्याला रविवारी किती वाजता न्यायला येऊ, ते त्याच्या अम्मीला विचारा.